धावपट्टीचा हिशेब : विमानतळ-निर्णयांच्या अभ्यासात प्रवेश करताना

विमानतळ कुठे बांधावा, असलेला किती वाढवावा, की वाढवूच नये, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपला वाटतो, पर्यावरणाच्या अभ्यासकालाही आपला वाटतो. राज्यशास्त्रवाला तर तो आपलाच आहे असे धरूनच चालतो. तिघांचेही म्हणणे खरे आहे. अडचण एवढीच की तिघे एकमेकांचे फारसे वाचत नाहीत. एक प्रवासीसंख्येचे अंदाज मांडतो, दुसरा खारफुटीचे हेक्टर मोजतो आणि तिसरा ‘निर्णय आधीच झाला होता, ही सगळी मागाहून जुळवलेली कारणे’ असे म्हणून मोकळा होतो. पुढची पाने या तिघांना एका बाकावर बसवण्यासाठी आहेत. या विषयात येणाऱ्याला फार मोठी पूर्वतयारी लागत नाही. नकाशा वाचता यावा, टक्केवारीची भीती नसावी आणि कंटाळवाणे सरकारी अहवाल परिशिष्टांसकट वाचण्याची चिकाटी असावी. शेवटची अट मी जरा आग्रहाने घालतो, कारण या विषयातला खरा मजकूर बहुधा परिशिष्टातच असतो.

सुरुवात कुठून करावी याबद्दल माझे मत ठाम आहे. लंडनच्या तिसऱ्या विमानतळापासून.

हीथ्रो आणि गॅटविक अपुरे पडणार म्हणून ब्रिटिश सरकारने १९६७मध्ये स्टॅन्स्टेडची जागा पक्की केली होती. स्थानिकांनी असा गदारोळ केला की सरकारला माघार घ्यावी लागली, आणि १९६८मध्ये न्यायमूर्ती रॉस्किल यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. आयोगाचे काम त्या काळाच्या मानाने अपूर्व होते. अठ्ठ्याहत्तर जागांची यादी गाळत गाळत त्याने चार जागांवर आणली : कब्लिंग्टन, थर्ली आणि नटहॅम्पस्टेड या देशाच्या आतल्या तीन, आणि थेम्स नदीच्या मुखाशी, चिखलाच्या किनाऱ्यावरची फाउलनेस ही चौथी. मग प्रत्येक जागेचे सगळे फायदे-तोटे पौंडांत मांडायचे ठरले. बांधकामाचा खर्च, विमानांना पडणारा जादा फेरा, गोंगाट, बुडणारी शेती, हलवावे लागणारे लष्करी तळ, सगळेच.

आकडेमोड पूर्ण झाली तेव्हा असे दिसले की बांधकामाच्या खर्चात चार जागांमध्ये तसा फार फरक नाही. फरक पाडला तो प्रवाशांच्या वेळेने. फाउलनेस लंडनपासून लांब आणि आडबाजूला. तिथे पोचायला प्रत्येक प्रवाशाला जी जास्तीची मिनिटे लागणार, त्यांना लाखो प्रवाशांनी आणि पुढच्या कित्येक वर्षांनी गुणले की डोंगराएवढी रक्कम उभी राहते. त्यातही कामाच्या निमित्ताने फिरणाऱ्या माणसाचा तास त्याच्या पगाराप्रमाणे महाग धरलेला. म्हणजे त्या काळी विमानाने जाणाऱ्या मूठभर, सुस्थितीतल्या लोकांची मिनिटे या ताळेबंदातली एक सगळ्यात वजनदार बाब झाली. गोंगाटाची किंमत घरांच्या उतरणाऱ्या भावावरून काढली होती. पद्धत चतुर आहे आणि आजही वापरली जाते. पण तिचा एक परिणाम विद्यार्थ्याने नीट समजून घ्यायला हवा : घर जितके स्वस्त, तितकी त्याच्या किमतीतली घट कमी आणि तितका त्या घरावरचा गोंगाटही हिशेबात स्वस्त. सांताक्रूझच्या धावपट्टीला खेटून असलेल्या झोपडवस्तीला ही पद्धत लावून पाहा. विमान तिथूनच न्यावे, असेच गणित सांगेल.

कब्लिंग्टनच्या टापूत स्ट्युकली नावाचे गाव होते आणि त्या गावात बाराव्या शतकातले नॉर्मन चर्च. त्याची किंमत कशी लावायची? अग्निविम्याची रक्कम धरावी असा एक विचार पुढे आला आणि त्याची जी टिंगल झाली ती अजून चालू आहे. एडवर्ड मिशन यांनी १९७०मध्ये रॉस्किल यांचे नेमके काय चुकते हे अर्थशास्त्राच्या आतून दाखवले. लंडनचे लोकप्रशासनाचे प्राध्यापक पीटर सेल्फ यांनी त्याच वर्षी या सबंध खटाटोपाला शुद्ध अर्थहीन ठरवले. आयोगातच असलेले नगररचनाकार कॉलिन ब्युकॅनन यांनी वेगळे मत नोंदवले : लंडन आणि बर्मिंगहॅमच्या मधल्या मोकळ्या ग्रामीण पट्ट्यात विमानतळ नको, महाग पडला तरी फाउलनेस. जानेवारी १९७१मध्ये आयोगाने बहुमताने कब्लिंग्टन सुचवले. एप्रिलमध्ये सरकारने फाउलनेस निवडले. तेलाच्या संकटानंतर, १९७४मध्ये, तेही गुंडाळले. आणि शेवटी लंडनचा तिसरा विमानतळ झाला कुठे? स्टॅन्स्टेडला. आयोगाच्या चार जागांत जिचे नावही नव्हते त्या जागेला १९८५मध्ये मंजुरी मिळाली आणि १९९१मध्ये नवे टर्मिनल उघडले.

या कथेवरून ‘हिशेब व्यर्थ, राजकारण खरे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह प्रत्येक नव्या वाचकाला होतो. मला तो घाईचा वाटतो. रॉस्किल आयोगाने आपली गृहीतके, पद्धती आणि आकडे छापून लोकांपुढे ठेवले. तासाला काय भाव लावला, गोंगाट कसा मोजला, चर्चचे काय केले, हे उघड होते म्हणूनच मिशन आणि सेल्फ यांना हल्ला करता आला आणि गावकऱ्यांचे वकील सुनावणीत उलटतपासणी घेऊ शकले. हिशेब चुकीचा असला तरी मांडलेला असेल तर त्याच्याशी भांडता येते. न मांडलेल्या हिशेबाशी कोण भांडणार? अर्थकारण, पर्यावरण आणि राजकारण ही तीन पारडी शेजारी शेजारी ठेवून तोलायची असतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. मला हे चित्र पटत नाही. ताळेबंदात कोणते रकाने असावेत हे राजकारण ठरवते, त्यांत कोणते आकडे पडतील हे अर्थशास्त्र ठरवते, आणि पर्यावरण बहुतेक वेळा अजून न आखलेल्या रकान्याच्या रूपात बाहेर ताटकळत असते. रकाना कोणी, कधी आणि काय मोजून आखून घेतला, हे शोधणे हा या अभ्यासाचा गाभा आहे.

नवी मुंबईच्या विमानतळाकडे या नजरेने पाहिले तर आपल्या दारातच एक संपूर्ण अभ्यासक्रम पडलेला दिसतो.

गरज खरी होती, त्याबद्दल वाद नको. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे उड्डाणे होऊ शकत नाहीत. चारही बाजूंनी शहर भिडलेले. वाढायला जागा नाही. नव्या विमानतळाची चर्चा १९९०च्या दशकात सुरू झाली, तेव्हा रेवस-मांडव्याचे नाव पुढे होते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाने पनवेलजवळची जागा लावून धरली. ही जागा कशी होती, तर एका अंगाला उलवे नदी, दुसऱ्या अंगाला गाढी, समोर पनवेलची खाडी आणि तिच्या काठची खारफुटी, मधोमध उलव्याची टेकडी, आणि या सगळ्यात आगरी-कोळ्यांची दहा गावे. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य फार लांब नाही. विमानाच्या वाटेत पक्षी येणे ही केवळ निसर्गप्रेमींची काळजी नसून वैमानिकाचीही असते, म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे इथल्या पक्ष्यांचा अभ्यास सोपवावा लागला.

२०१०मध्ये केंद्रातच दोन खाती समोरासमोर आली. नागरी विमान वाहतूक खात्याला काम सुरू व्हायला हवे होते. जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयाने नद्या, खारफुटी आणि टेकडी यांवर बोट ठेवले आणि कल्याणजवळच्या जुन्या धावपट्टीचा पर्याय का नको, असे विचारले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली ती अटींच्या लांब यादीसह. या यादीकडे उपहासाने पाहण्याची पद्धत आहे. पण वाटाघाटींच्या आधीचा आणि नंतरचा आराखडा शेजारी ठेवून पाहिले तर दोन धावपट्ट्यांमधले अंतर कमी झालेले दिसते, आणि त्यामुळे गाढीचा प्रवाह वळवावा लागला नाही. उलवे मात्र वळवली गेली, टेकडी सुरुंगांनी उडवून सपाट केली आणि तिचाच दगड-मुरूम भरावाला गेला. पर्यावरणाने एक नदी वाचवली, एक गमावली. हा निकाल तत्त्वाचा नव्हता, सौद्याचा होता, आणि तो कसा झाला हे खात्यांच्या पत्रव्यवहारातून वाचता येते.

जमिनीची कथा याहून जुनी आणि मला विचाराल तर याहून बोधक. ती समजायला आधी अर्थशास्त्राकडे वळावे लागते. १९३९मध्ये निकोलस काल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी एक कसोटी मांडली, जिच्यावर आजचे लाभ-खर्च विश्लेषण उभे आहे : ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर प्रकल्प योग्य. ‘राहू शकत असतील’ एवढेच. भरपाई खरोखर द्यायलाच हवी असे ही कसोटी म्हणत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात हा बारकावा एका व्याख्यानात उरकतो. उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांना तो उरकायला काही दशके लागली. नवी मुंबईसाठी १९७०पासून पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढे विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. विमानतळाच्या वेळी हा आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. काल्डॉर-हिक्सच्या कसोटीतली काल्पनिक भरपाई इथे प्रत्यक्ष भूखंडांत उतरली ती कोणत्याही अहवालामुळे नव्हे.

तरीही रकाना पुरता आखला गेला असे म्हणता येत नाही. साडेबावीस टक्के मिळतात ते ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. खाडीत जाळे टाकणाऱ्याचा, निवट्या-खेकड्यांवर जगणाऱ्या बाईचा सातबारा कुठला? मासेमारीच्या नुकसानीची मागणी म्हणूनच वेगळी, उशिरा आणि क्षीण आवाजात होते. २०२१मध्ये विमानतळाच्या नावावरून झालेले आंदोलनही शहरी वर्तमानपत्रांनी अस्मितेचे राजकारण म्हणून निकालात काढले होते. राज्याने बाळासाहेब ठाकरे यांचे नाव सुचवले, भूमिपुत्रांनी दि. बां.च्या नावासाठी मानवी साखळी केली, सिडको भवनाला घेराव घातला, आणि २०२२मध्ये राज्याला ठराव बदलावा लागला. जमीन कोणी दिली याची पोचपावती मागणे एवढाच तो प्रकार होता असे मला वाटते, आणि विमानतळ-निर्णयांच्या अभ्यासात त्याला अर्थकारणाच्याच प्रकरणात जागा मिळायला हवी. ऑक्टोबर २०२५मध्ये उद्‌घाटन झाले. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे.

गोव्यातल्या मोपाचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावा. दाबोळी नौदलाचा तळ असल्याने तिथल्या नागरी उड्डाणांना मर्यादा, म्हणून उत्तरेत मोपा. दक्षिण गोव्याला भीती अशी की मोपा झाला की दाबोळी बंद पडेल आणि पर्यटक उत्तरेकडे वळतील. राजकारण असे तालुक्यागणिक विभागलेले असताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९मध्ये प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, आणि त्या स्थगितीचे कारण या सगळ्याहून साधे होते : अर्जात परिसरातल्या जंगलाची माहिती धडपणे दिलेली नव्हती आणि तज्ज्ञ समितीने ती मागितलीही नव्हती. जानेवारी २०२०मध्ये स्थगिती उठली, २०२२च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्‌घाटन झाले. प्रकल्प थांबला नाही म्हणून खटला निष्फळ मानणारे बरेच आहेत. पण अर्जातला रिकामा रकाना हा नुसता कारकुनी दोष मानता येणार नाही, हे त्या निकालाने लिहून ठेवले.

प्रवासीसंख्येच्या अंदाजांबद्दल थोडे सावध करणे माझे काम आहे. बेंट फ्लायव्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३च्या ‘मेगाप्रोजेक्ट्स अँड रिस्क’ या पुस्तकात दाखवले की मोठ्या प्रकल्पांचे खर्च कमी आणि मागणी जास्त दाखवण्याची चूक योगायोगाने होत नाही. काही वेळा तो आशावाद असतो, काही वेळा मंजुरी मिळवण्याची हुशारी. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा मिराबेल हा याचा टोकाचा नमुना. केंद्र आणि क्वेबेक प्रांत यांच्या ओढाताणीतून कोणालाच नको असलेली जागा ठरली, सुमारे ९७ हजार एकर जमीन घेतली गेली, १९७५मध्ये विमानतळ उघडला. ठरलेली वेगवान रेल्वे आलीच नाही. जुना डोरव्हाल देशांतर्गत उड्डाणांसाठी चालूच राहिला, त्यामुळे जोडविमान पकडायचे तर प्रवाशाने दोन विमानतळांमध्ये रस्त्याने फिरायचे. बरीचशी जमीन शेतकऱ्यांना परत द्यावी लागली, २००४मध्ये प्रवासी उड्डाणे थांबली आणि दहा वर्षांनी टर्मिनल पाडायला घेतले. इथे आकडे नव्हते असे नाही. भरपूर होते आणि सगळे वर जाणारे होते.

जपानमधले नारिता अगदी वेगळ्या कारणाने वाचावे लागते. १९६६मध्ये मंत्रिमंडळाने सानरिझुकाची जागा गावकऱ्यांना न विचारता जाहीर केली. त्या शेतकऱ्यांना विद्यार्थी संघटना येऊन मिळाल्या. १९७१च्या सक्तीच्या भूसंपादनात पोलीस मारले गेले. मार्च १९७८मध्ये, उद्‌घाटनाला थोडे दिवस उरले असताना, आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले. विमानतळ मे महिन्यात उघडला खरा, पण दुसरी धावपट्टी व्हायला २००२ उजाडले, आणि तीही मधल्या शेतांमुळे ठरल्यापेक्षा आखूड. १९९१पासून सरकारने शेतकऱ्यांबरोबर उघड चर्चासत्रे घेतली आणि सक्तीचा मार्ग चुकला हे मान्य केले. न विचारण्याने वाचवलेले महिने पुढे दशकांच्या हिशेबाने फेडावे लागले. विलंबाचा हा खर्च कोणत्याही प्रकल्प अहवालात आधी दिसत नाही.

राहिला हवामानाचा रकाना. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन कोणत्याच देशाच्या एकूण आकड्यात धरले जात नाही, ते तळटीपेसारखे वेगळे दाखवले जाते. पर्यावरण आघात अहवाल धावपट्टीवरची धूळ, पाणी आणि झाडे मोजतो. विमान आकाशात गेले की त्याचा धूर बहुधा अहवालाच्या हद्दीबाहेर जातो. म्हणजे विमानतळाची कदाचित सगळ्यात मोठी पर्यावरणीय बाब कोणाच्याच वहीत नाही. हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीने हा प्रश्न न्यायालयात नेला. २००९मध्ये मंजुरी, २०१०मध्ये नव्या सरकारकडून रद्द, मग हॉवर्ड डेव्हिस यांचा आयोग, ज्याच्या अंतिम अहवालाची मुदत बरोबर २०१५च्या निवडणुकीनंतर पडेल अशी आखलेली. आयोग नेमणे हा निर्णय घेण्याचा मार्ग आहे तसाच निर्णय पुढे ढकलण्याचाही आहे. २०१८मध्ये संसदेने मोठ्या बहुमताने कौल दिला. ही धावपट्टी रोखण्यासाठी बुलडोझरसमोर आडवे पडण्याची भाषा केलेले बोरिस जॉन्सन त्या दिवशी परराष्ट्रमंत्री म्हणून अफगाणिस्तानात होते. फेब्रुवारी २०२०मध्ये अपील न्यायालयाने पॅरिस कराराचा विचार न केल्याबद्दल धोरण बेकायदा ठरवले, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा कायदेशीर ठरवले, आणि २०२५मध्ये ब्रिटिश अर्थमंत्र्यांनी त्या धावपट्टीला पुन्हा पाठिंबा जाहीर केला. कोणाला यात नुसता घोळ दिसेल. मला दिसते ते असे की दहा-बारा वर्षांत कार्बन हा शब्द निषेधाच्या फलकावरून न्यायाधीशांच्या निकालपत्रात आला.

वटावाचा दर आणि संवेदनशीलता चाचण्या यांचे तांत्रिक विवेचन पुढे यायचे आहे. इथे एवढेच सांगतो की वटावाचा दर, म्हणजे भविष्यातल्या रकमेचे आजचे मोल काढण्याचा दर, हा वरवर गणिती दिसणारा नैतिक निर्णय आहे. दर चढा धरला की तीस वर्षांनंतरची बुडालेली खाडी आजच्या पैशात नगण्य होते.

ज्यांना वाचता वाचता स्वतः काही करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी पुरंदर हा चालू विषय आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, म्हणून नव्या जागेचा शोध. आधी चाकण-खेडचे नाव होते, २०१६मध्ये पुरंदर तालुका ठरला. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, उदाचीवाडी आणि वनपुरी ही सात गावे त्यात येतात. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, सीताफळाचे मळे आहेत, आणि मे २०२५मध्ये सर्वेक्षणाच्या वेळी तिथे लाठ्याही चालल्या. फळबागेचे मूल्य काढण्याच्या किमान तीन पद्धती आहेत : जमिनीचा बाजारभाव, झाडामागे ठरवलेली रक्कम, आणि पुढच्या वीस वर्षांच्या उत्पन्नाचे आजचे मोल. तिन्ही वापरून एका एकराचा हिशेब मांडून पाहा. मग चाकणच्या वेळी कोणते रकाने आखले होते आणि पुरंदरच्या वेळी कोणते, याची सरकारी कागदांतून तुलना करा, आणि लोहगावला पुढची वीस वर्षे नागरी उड्डाणांसाठी किती तास मिळू शकतात हा आकडा त्या कागदांत कुठे आहे ते शोधा.